पानातली बिऱ्हाडं

आमच्या आत्तीला आज तिच्या भावाच्या घरात मान आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, चिमीच्या पाठीवर लांबसडक वेणी रुळते आहे, हे दोन्ही पाला मॅडममुळं. हे आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण नववीपर्यंतचं, त्यात सांगता सांगता घाबरायची सवय. महत्त्वाचं तेवढंच सांगायचं राहून जाईल ही भीती मला कायम असते. राहिलंच काही, तर निदान त्यांचं नाव तरी वर आलेलं असावं.

पाला मॅडम कुणाच्या दारात आल्या की आधी माणसांकडं बघत नसत, झाडांकडं बघत. तुळस असो, कढीपत्ता असो, नाहीतर गटारीच्या कडेला आपसूक उगवलेलं काही असो, एक पान दोन बोटांत चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "आत कोण राहतंय?" हे पानाला विचारलेलं असायचं. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून झाली की मग त्या घरच्यांची चौकशी करत.

त्या मूळच्या बेळगावच्या. तिथं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागं त्यांच्या आईकडून आलेलं लहानसं घर होतं, तिथं त्या राहायला आल्या आणि अंगणात त्यांनी अडुळसा, निर्गुडी, गवती चहा असं काय काय लावलं. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळायचं काम. आमच्याकडं पाला म्हटलं की विडीचा पाला. त्यामुळं बायकांनी ठेवलेल्या या नावात थोडी थट्टा होती. आमचा पाला खपतो, मॅडमचा नुसता हुंगायचा, असं म्हणून हसायच्या. मॅडमच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगलं आहे की. कॉलेजातली पोरं मला ॲसिड म्हणायची."

शाळा सुटल्यावर मी आईबरोबर विड्या वळायला बसले. सुपात तंबाखू, मांडीवर पाला, आणि दुपारी मॅडमचा कट्टा, कारण तिथं सावली होती. मॅडम आमच्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि बोलत. "पान म्हणजे चाळ आहे गं. बाहेरून एक दिसते, आत बिऱ्हाडं किती! आणि सगळी एका स्वभावाची नसतात." अडुळशात व्हॅसिसीन राहतं, ते छातीतला कफ सैल करतं. तुळशीत युजेनॉल राहतं आणि लवंगेतही तेच, एका घराण्यातली माणसं दोन गावांत असावीत तसं. दातांच्या डॉक्टरकडं पाय ठेवला की जो वास येतो, तो त्याचाच. हळदीतलं कर्क्युमिन लाजरं, नुसत्या पाण्यात उतरतच नाही, तेल-तूप बघितलं की बाहेर येतं.

"म्हंजे आमच्या धाकट्या जावंसारखं," आई विडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "तळणाचा वास आल्याबिगर खोलीभायेर येत न्हाय."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं त्या हळदीचा विषय निघाला की "शालनची काकू" असंच म्हणत. शालन म्हणजे मी.

एकदा त्यांनी मला ती बिऱ्हाडं दाखवलीसुद्धा. पालकाचं पान खलात कुटलं, त्यावर स्पिरिट ओतलं, टीपकागदाची पट्टी कापून तिचं टोक त्या हिरव्या पाण्यात सोडलं आणि म्हणाल्या, "आता बोलू नकोस, बघ." पाणी कागदावरून चढत गेलं आणि हिरवं हिरवं म्हणत होते त्यातून एक पिवळा पट्टा सुटून वर निघाला. मागं गडद हिरवा राहिला, त्याच्या खाली आणखी एक फिकट. मला रडू यायला लागलं, का ते आजही सांगता येणार नाही. शाळेत मी फळ्यावरचं उतरवून घेत होते. असं काही डोळ्यांदेखत वेगळं होताना पाहिलं नव्हतं. "ही फक्त रंगांची बिऱ्हाडं," मॅडम म्हणाल्या. "औषधाची अशी उघड्यावर दिसत नाहीत. म्हणून तर जपून राहायचं."

त्यांचा दुसरा शब्द होता "किती?" कुणी म्हणालं, मी रोज गुळवेल पिते, की त्या विचारणार, किती? किती दिवस? गोळ्या कसल्या चालू आहेत? बायकांना वैताग यायचा. झाडपाला म्हणजे अपाय नाही अशी सगळ्यांची समजूत, आणि ह्या माप विचारत बसणार. "झाडाला माप ठाऊक नसतं, ते आपल्याला पाहिजे," असं म्हणायच्या आणि निम्म्या बायकांना सरळ दवाखान्यात पिटाळायच्या. शेजारची एक बाई तोंडावर म्हणायची, "मॅडम, तुमचा पाला कमी आन्‌ डाक्टरच जास्त." मॅडम कानडीत म्हणायच्या, "साकु, पुरे. आधी बीपी बघून या."

आता ती गोष्ट.

आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचा नवरा गेल्यावर सदलग्याच्या दिरांनी तिला ठेवून घेतलं नाही, तेव्हापासून ती आमच्याकडं. चिमी तिच्याच मांडीवर वाढली. त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि चिमीला घरी पाठवून दिलं, डोक्यात उवा आहेत, साफ करून आणा म्हणून. खाजवून खाजवून पोरीच्या डोक्याला जखमा झालेल्या. आत्तीला ते बघवेना. सदलग्याला असताना तिनं बैलांच्या गोचिडांवर तंबाखूचं पाणी लावलेलं होतं, गोचीड पटापट गळून पडायचे. बैलाला चालतं ते पोरीला का चालू नये? तंबाखूला आमच्या गावात कोण परकं मानतं? दात घासायची मिश्री तंबाखूची, दाढ दुखली की तंबाखू, जखमेवर तंबाखू. तिनं वखारीतला चुरा उकळला, कोमट झाल्यावर चिमीच्या डोक्यावर चोळला आणि वरून फडकं घट्ट बांधलं.

मी आणि आई वळलेल्या विड्या देऊन परत आलो तेव्हा चिमी उंबऱ्यात आडवी पडली होती. चेहरा पांढराफटक, तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं. उलटी झाली, परत झाली, मग हातपाय थरथरायला लागले. आत्ती मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढत होती. मी ओरडले असेन, कारण मॅडम चप्पल न घालता पळत आल्या. त्यांनी वाकून चिमीच्या डोक्याचा वास घेतला. एवढंच केलं.

"डोक्याला काय लावलंय?"

"काय न्हाय वो. तंबाखूचं पानी. उवा झाल्यात."

"फडकं काढा. घरात असेल तेवढं पाणी आणा. साबण आणा. शालन, ती कात्री दे."

विडीचा पाला कापायच्या कात्रीनं त्यांनी चिमीचे केस मुळापासून कापले. आम्ही घागरीवर घागरी ओतल्या. अंगावरचे कपडे काढून टाकले, मॅडमनी आपल्या पदरात तिला गुंडाळलं आणि रिक्षात बसल्या. दवाखान्याच्या दारातच त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "निकोटीन. कातडीतून गेलंय, डोक्याला जखमा आहेत. डोकं साबणानं धुतलंय." डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही, कामाला लागले. तुम्ही नुसत्या उलट्या म्हणून आला असता तर खाण्यातलं काही म्हणून आम्ही शोधत बसलो असतो, असं ते नंतर आईला म्हणाले. चिमी शुद्धीवर येऊन भाकरी मागेपर्यंत मॅडम त्या बाकावरून उठल्या नाहीत.

पोरगी वाचली आणि मग आमच्या घरात दुसरंच सुरू झालं. आप्पा वखारीत हमाली करत. शांत माणूस, पण त्या दिवशी बहिणीकडं न बघता म्हणाले, "सकाळच्या गाडीनं सदलग्याला जायाचं. माझी पोरगी मारत हुतीस तू." आत्तीनं उठून लुगडी पिशवीत भरली. सदलग्याला तिला दार उघडणारं कुणी नव्हतं, हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं, आप्पांनाही. गल्लीही आप्पांच्या बाजूची. ज्या बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा घेत नाहीत, त्याच म्हणत होत्या, तंबाखू लावतंय व्हय कोन पोराला?

सकाळी मॅडम आल्या. दारातल्या तुळशीकडं बघितलंही नाही. आप्पांसमोर जाऊन बसल्या.

"आप्पा, मागच्या पावसाळ्यात ओली पोती पाठीवरून नेलीत, आणि घरी येऊन ओकत होता. चक्कर येत होती. तेव्हा काय म्हणाला होता तुम्ही?"

"तंबाखू लागली म्हनालो," आप्पा म्हणाले.

"खाल्ली होती?"

"न्हाय. मी कुठं खातोय?"

"मग लागली कुठून?"

आप्पांचा हात पाठीकडं गेला.

"पाठीतून लागली. कातडीतून. तेच चिमीला झालं. तुम्ही उभा जन्म वखारीत काढलात, तुम्हांला नाही उमगलं. मग तुमच्या आक्कांना कसं उमगावं? त्यांनी विष म्हणून लावलं नाही, औषध म्हणून लावलं." त्या पुढं म्हणाल्या, "चूक झाली, नाही कसं म्हणू? पण मी तुमच्या शेजारी राहते. रोज कट्ट्यावर बसून तुळस सांगितली, अडुळसा सांगितला. ज्या झाडावर हे गाव जेवतं, त्याच्या पोटात कोण आहे, ते मात्र कधी बोलले नाही. वाटलं, ह्यांना काय सांगायचं, ह्यांचा तर जन्म त्यात गेला. बसमध्ये बसवायचंच असेल तर आम्हां दोघींना बसवा."

आत्ती पिशवी धरून भिंतीशी उभी होती. आप्पांनी बराच वेळ तळहात चोळले. मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "आक्का, मॅडमना च्या टाक."

पिशवी परत फळीवर गेली ती आजतागायत तिथंच आहे.

त्यानंतर आत्तीनं मॅडमना विचारलं, उवांवर मग कंच्या पाल्याचं तेल चांगलं? मॅडम म्हणाल्या, "कुठल्याच नाही. साधं खोबरेल आणि बारीक फणी. केस ओले करायचे आणि बट-बट करून विंचरायचे. रोज. काम फणीचं आहे आणि कंटाळा न येण्याचं आहे." आत्तीचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या बाईकडून तिला एखादी मुळी तरी मिळेल असं वाटलं होतं. पण दर रविवारी ती मॅडमच्या कट्ट्यावर फणी घेऊन बसू लागली आणि गल्लीतल्या पोरी ओळीनं तिच्यापुढं डोकी देऊ लागल्या. विंचरता विंचरता ती स्वतःच सांगायची, "तंबाखूचं पानी कुनी लावू नगा बायांनो. मी लावलतं. काय झालतं ते माझ्याकडनं ऐका." मॅडमनी तिला हे कधी सांगायला लावलं नव्हतं. ती सांगत असताना त्या उठून आत जात, तिला संकोच नको म्हणून.

मी आता हिमाचलात असते. नवरा इकडं फिटर आहे, आणि मला औषधी अर्काच्या कारखान्यात कच्चा माल निवडायचं काम मिळालं. काड्या वेगळ्या, कुजकी पानं वेगळी. हे काम मला जमतं ते मॅडमच्या कट्ट्यामुळंच. निघताना त्या निपाणीच्या स्टँडवर आल्या होत्या. मी भीतीनं गार पडलेली. भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत. त्या म्हणाल्या, "घाबरलीस की कुठलंतरी पान चुरगाळ. ओळखीचं कुणीतरी निघेल." पहिल्याच दिवशी इथं अडुळशाचं पोतं फुटलं. मी गुपचूप एक पान नाकाला लावलं आणि दिवस काढला.

गेल्या वर्षी मॅडम अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बेळगावचा भाचा न्यायला आला होता, त्या गेल्या नाहीत. आता आत्ती दिवसभर त्यांच्याजवळ असते. उठवते, बसवते, न्हाऊ घालते, जेवू घालते, आणि काठीवर चार पावलं चालवून आणते. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. उचलते तर मॅडमच विचारतात, "आज पोत्यातून काय आलं गं?" आवाज बारीक झाला आहे. प्रश्न तोच.

परवा मी आत्तीला म्हणाले, मे महिन्यात मी रजा काढून येते, तू घरी जा, मॅडमजवळ मी राहते. आत्ती फोनवर तटकन म्हणाली, "तू कशाला? मी हाय की. माझं रीण फिटल्याबिगर तुला पाळी न्हाय मिळायची."

तिचं कधी फिटेल असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटत नसेल. पण मी येणार आहे. तिच्याशी भांडावं लागलं तर भांडेन, मॅडमच्या पायांशी अंथरूण घालीन, पहाटे त्यांचं पाणी मी तापवीन. मॅडम, तेवढं थांबा. आत्तीची पाळी तिच्यापाशी राहू दे, माझी मी सोडणार नाही.