दुसऱ्या पेशंटची माहिती

इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या दवाखान्यात कुणी कुणाची फाइल उघडली, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो आणि ती यादी दर महिन्याला मी तपासते. स्टाफ मला टरकून असतो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या महिन्यात रिसेप्शनवरची रत्नागिरीकडची मुलगी सापडली. तिने स्वतःच्या नवऱ्याची फाइल उघडली होती. पहिलं पान पाहून लगेच बंद. डॉक्टरांच्या टिपणापर्यंत ती पोचलीच नव्हती.

चौकशीसाठी मी फाइल पूर्ण वाचली. मला तो अधिकार आहे. नवऱ्याला हेपॅटायटिस बी होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'बायकोचीही तपासणी हवी. घरी सांगतो म्हणाले.' टिपण वर्षापूर्वीचं होतं.

तिला केबिनमध्ये बोलावलं. "का उघडलीस?"

"मॅडम, ते कसल्या तरी गोळ्या घेतात. बाटलीवरचं लेबल खरवडून ठेवतात. विचारलं तर अ‍ॅसिडिटी म्हणतात. सॉरी मॅडम, उघडली आणि घाबरून बंद केली."

"ट्रेनिंगमध्ये सही केलीयस ना? नवऱ्याचीसुद्धा उघडायची नाही."

ती रडली नाही. "नोकरी गेली तर गेली मॅडम. फक्त एवढं सांगा, मी माझी ब्लड टेस्ट करून घेऊ का?"

मी म्हटलं, "दुसऱ्या पेशंटची माहिती मी देऊ शकत नाही." ताकास तूर लागू दिली नाही. नियम कसा पाळतात ते दाखवलं, म्हणून उलट बरंच वाटलं. एचआरवाल्याने "खलास" म्हणून तिचं कार्ड काढून घेतलं.

संध्याकाळी अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा लक्षात आलं. तिने विचारलं होतं स्वतःच्या रक्ताबद्दल. 'घे करून' म्हणायला कुठलाच कायदा आड येत नव्हता. तिचा नंबर माझ्याकडे होता. लावला नाही. कशाला नसती ब्याद, म्हटलं.

आठ महिन्यांनी यादीत तिचं नाव पुन्हा दिसलं, पेशंट म्हणून. नवऱ्याच्या विम्यावर आली होती. ती फाइल उघडायचं मला काही कारण नव्हतं. उघडली. पाच महिन्यांची गरोदर होती, आणि तीच टेस्ट पॉझिटिव्ह.

फाइल उघडणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चढलं. महिनाअखेरीस ती यादी माझ्याकडेच आली. मी शेरा लिहिला: आक्षेप नाही.