आधी तुम्ही

मूल होत नाही म्हणून एखादं जोडपं जळगावच्या आमच्या दवाखान्यात आलं, की सर बाईकडे बघायचेसुद्धा नाहीत. बोट थेट नवऱ्याकडे. "आधी तुम्ही." ऐंशीच्या दशकात हे ऐकून कित्येक पुरुष पायात चपला सरकवून चालते व्हायचे. गावात त्यांचं नावच पडलं, आधी-तुम्ही डॉक्टर. सरांना ते फार आवडायचं.

मी त्यांच्याकडे वीर्याचे नमुने तपासायला होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही हाललं असं मी नुसतं म्हटलं, की बाहेरचे पेशंट सोडून ते धावत यायचे. "सरक, सरक! पळतायत का?" अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन केलं, की आधीची आणि नंतरची मोजणी वहीत यायचीच. फरक पडला नाही, तर ते जास्त ठळक लिहीत. म्हणत, "हेच तर शोधायचंय!"

असोद्याचा प्रल्हाद आला तो बायको आणि आईला घेऊन. आई, म्हणजे अक्का, दारातच कडाडल्या, "माह्या पोराले काय धाड भरली? सुनेले तपासा!" नशिराबादची दुसरी मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली होती. सून सुमन भिंतीकडे तोंड करून उभी. प्रल्हादनं मात्र निमूटपणे डबी घेतली. नमुन्यात शुक्रजंतू कसेबसे चार-दोन. ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी मी पुन्हा मोजले, तितकेच.

सरांनी अक्कांना समोर बसवलं. "अडचण तुमच्या मुलात आहे, सुनेत नाही. आज माझ्याकडे त्यावर उपाय नाही."

अक्का म्हणाल्या, "मंग दुसरी आनून काय करू?" नशिराबादची गोष्ट तिथंच संपली. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे मधुमेहानं सरांची दृष्टी गेली. दवाखाना बंद झाला. मी भुसावळला स्वतःची लॅब टाकली, पण दर रविवारी जाऊन त्यांना वैद्यकीय मासिकं वाचून दाखवायचे. एका रविवारी वाचता वाचता मीच थबकले. परदेशात एकच शुक्रजंतू सुईनं स्त्रीबीजात सोडला होता, आणि मूल झालं होतं.

"किती म्हणालीस?"

"एक, सर."

"परत वाच!" ते असे ताडकन उठले की खुर्ची मागं पडली. तीनदा वाचून घेतलं. मग भिंत चाचपत फेऱ्या मारत, ज्यांना आपण नाही म्हणून परत पाठवलं त्यांचं एकेक नाव, एकेक गाव सांगू लागले. "लिही! पोस्टकार्डावर नको, आंतरदेशीय घे. लोकांच्या घरातली गोष्ट आहे." पहिलं पत्र असोद्याला.

आठवड्याच्या आत प्रल्हाद आणि सुमन पिशवीत कपडे भरूनच हजर. "कुठं जायाचं, डॉक्टर?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. हा उपचार आपल्याकडे यायला अजून वेळ होता. तोवर सरांनी मुंबईच्या एका डॉक्टरमित्राच्या मागे फोन करकरून भुणभुण लावली, आणि सोय होताच दोघांना रेल्वेत बसवून दिलं.

दुसऱ्या खेपेला सुमनला दिवस राहिले. मुलगी झाली तेव्हा सरांना जाऊन पाच महिने झाले होते. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की जिलबी. अक्का पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन माझ्या लॅबमध्ये शिरल्या आणि बाकावरच्या अनोळखी पेशंटच्या हातावर एकेक पेढा ठेवत सुटल्या. "घ्या! माह्या प्रल्हादले पोरगी झाली!"