टाचेशी बोलनारा

कोपरगावातला तो बूटवाला मानसाच्या तोंडाकडं बगतच न्हाई. गिऱ्हाईक आलं की खाली बसतो आन् पायालाच इचारतो, "काय म्हनती टाच?" गिऱ्हाइकानं पळून दावल्याबिगर बूट देत न्हाई.

माझी नात लांबच्या शर्यती पळती. मागल्या बारीला पोटरी धरून मधीच बसली हुती. म्हनून खिळ्याचे बूट घ्यायला आमी गेल्तो. तिला लालच पायजे हुते.

"हे शंभर मीटरवाल्याचे हायेत, बाय. ते चवड्यावर पळत्यात. तुला टाचेखाली मऊ पायजे."

पोरगी आयकंना. मंग त्यानं लाल घालून तिला मागल्या मैदानावर पिटाळलं. थोड्या येळानं लंगडत आली.

"आता पोटरी काय म्हनती?"

पोरगी हसली आन् मऊ टाचेचे निळे घेतले. त्याच बुटांनी पुढं शर्यत पुरी केली.

त्या दिशी दुकानातनं निगताना बूटवाल्याची नजर माझ्या पायावर गेली. जन्मभर उसाच्या फडात अनवानी राबले, बुडख्यांनी टाचा फोडून काडल्या.

"आजी, ह्या काय म्हनत्यात?"

"त्यांला आजवर कोनी इचारलंच न्हाई, बाबा."

त्यानं मऊ चपला पुढं ठिवल्या आन् रस्त्याकडं बोट केलं. नात म्हनली, "पळ आजी, त्याबिगर देनार न्हाई."

मी लुगडं खोचलं.