पेटीवर रंगवलेला नंबर

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. नापिकीची वर्षं होती. अकोला जिल्ह्यात एका तालुक्याचं ठाणं माझ्याकडे होतं. भाजीपाल्याच्या पट्ट्यात ओलितासाठी दिवसा जी थोडी वीज मिळायची, तीही मध्येच बंद पडू लागली. तारा शाबूत, पण गावाबाहेरच्या पेटीतला स्विच पडलेला. यंत्रणा नवी होती. पेटीत सिमकार्ड होतं आणि अकोल्याच्या कचेरीतून मेसेज गेला की लाइन चालू किंवा बंद व्हायची.

फिर्याद द्यायला आलेल्या विजेच्या साहेबांनी आरोपीही सांगून टाकला. बसस्टँडजवळचा मोबाइल दुरुस्तीवाला. पुरावा काय, तर त्याच्या दुकानात कॉम्प्युटर आहे! वरूनही फोन आला, अटक दाखवा म्हणून. पोरगा ठाण्यात बसला होता, गाद्या भरणारा त्याचा बाप बाहेर ओट्यावर.

"साहेब, मी फोन दुरुस्त करतो. मले काहून आणलं? दुकान बसलं तं घर कशावर चालन?"

मी अटक केली नाही, जबाब घेऊन सोडलं. पण पोलिसांनी नेलं, एवढंच गावाला पुरेसं होतं.

मग बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी एक बाई आमच्या हवालदाराला म्हणाली, "लाइन जायाच्या आंधीच इंजिनवाला वावराच्या धुऱ्यावर येऊन उभा रायते. त्याले कसं समजते, थे इचारा ना."

हा गडी डिझेल इंजिनं भाड्यानं द्यायचा. वीज गेली की त्याचीच चलती. त्याला बोलावलं. आधी म्हणे, अंदाजानं जातो. त्याचा मोबाइल घेऊन पाहिला, तर एकाच नंबरवर पुन्हा पुन्हा मेसेज.

"हा नंबर कोणाचा?"

"पेटीचा. पेटीवरच तं लिवला हाये, साहेब."

पंच घेऊन गेलो. खरंच, पेटीवर पिवळ्या ऑइलपेंटनं तोच नंबर आणि खाली 'तक्रारीसाठी संपर्क'. प्रत्येक पेटीवर तक्रारीचा नंबर टाका, असा आदेश होता. ठेकेदाराच्या माणसानं आतल्या सिमचाच टाकला. लोक त्यावर फोन लावत, घंटी वाजत राही, कोणी उचलत नसे. कचेरीचा फोन उचलला गेला नाही, याचं आपल्याकडे कुणाला नवल वाटतं? पेट्या बसवताना इंजिनवाल्याचीच जीप भाड्यानं होती. कोणता मेसेज टाकला की लाइन जाते, हे त्यानं चाचणी चालू असताना शेजारी बसून पाहून ठेवलं होतं. मेसेज कचेरीचा की भलत्याचा, हे पेटी तपासतच नव्हती.

मी त्या साहेबांना तोंडावर विचारलं, "दाराला कडी लावली नाही तुम्ही, आणि चोर म्हणून कुलुपं दुरुस्त करणारा दाखवता?" ते म्हणाले, ही तांत्रिक बाब आहे.

इंजिनवाल्यावर आरोपपत्र गेलं. अशी उघडी पेटी बसवणाऱ्याला आणि ती पास करणाऱ्याला मात्र कुणी शब्दानं विचारलं नाही. याची चीड अजून जात नाही. तेव्हापासून कुठल्याही चोरीत मी आधी विचारू लागलो, दार उघडं कुणी ठेवलं?

काही दिवसांनी पोराचा बाप ठाण्यात आला. "पोट्टा सुटला, साहेब. पन दुकानात कोनी फोन देऊन नाई रायलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी वर्दीत, भर गर्दीत त्याच्या दुकानासमोर जीप थांबवली आणि माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं उघडून पाहिला.

"साहेब, याले तं काईच झालं नाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "राहू दे दोन-चार दिवस, समोरच्या काचेत ठेव."