आधी तू माया फोटो काढ

माझ्या भावाने अर्ध्या तालुक्यातल्या मेलेल्या माणसांचे बॅनर बनवले.
तो मेला तेव्हा त्याच्याच बॅनरला फोटो नव्हता.

मिलिंददादा. माझ्या मोठ्या बापाचा, म्हणजे थोरल्या काकाचा पोरगा. आंधळगावात स्टँडजवळ फोटो आणि फ्लेक्सचं दुकान होतं त्याचं.

आज त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी तेव्हाही बाहेर होतो, आताही बाहेरच आहे. एका जागी माझा पाय टिकत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

दादाच्या छातीत दुखलं आणि तुमसरच्या दवाखान्यात नेताना तो रस्त्यातच गेला. मी हैदराबादहून पोचलो तोवर माती झाली होती.

आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तोंडावर आला. घरात दादाचे फोटो दोनच. एक लग्नातला, त्यात नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. दुसरा मतदान कार्डावरचा.

कार्डावरचा बघून वहिनी म्हणाली, "ह्या फोटोले मी हार नाई घालत, भाऊजी. चोरावानी दिसतेत त्याच्यात."

तेव्हा गावात बटणवाले मोबाईल. दादा सगळ्यांचे फोटो काढायचा, त्याचा कोण काढणार?

वरून दुकानातला कंप्युटर बंद. काळा स्क्रीन, वर इंग्रजीची एक ओळ.

तुमसरचा कंप्युटरवाला येऊन बघून गेला. विंडोज उडाली म्हणाला. फॉरमॅट मारतो, आतलं सगळं जाईल, पण मशीन चालेल. वहिनीला दुकान चालवायचं होतं. ह्यांचा फोटो तर त्यात नाहीच, मग मारा, असं ती म्हणणारच होती.

तेवढ्यात भेटायला आलेली शेवंता आजी बोलली.
"कसा नाई? म्या सोता काढला ना बाप्पा त्याचा फोटू."

आमच्याकडे म्हातारी माणसं भिंतीवर लावायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. पण स्टुलावर बसली की घाबरतात. फोटो निघाला म्हणजे आता बोलावणं आलंच, असं वाटतं त्यांना. दादा अशा वेळी कॅमेरा त्यांच्याच हातात द्यायचा आणि स्वतः स्टुलावर बसायचा.

"आधी तू माया फोटो काढ. मी मेलो नाई, तर तू बी नाई मरत."

म्हातारे हसायचे, बटण दाबायचे, मग नीट बसायचे. वहिनी कधी दुकानात नसायची, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

कॅमेऱ्याचं कार्ड तो रोज रिकामं करायचा. म्हणजे जे काही होतं, ते त्या बंद मशीनच्या पोटात.

मी सांगून टाकलं. फॉरमॅट नाही.

हैदराबादच्या रूम पार्टनरला फोन लावला. ओडिशाचा पोरगा, कंप्युटर रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, विंडोज गेली म्हणजे हार्ड डिस्क गेली असं नाही. लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टमची, सीडी टाक. मशीन सीडीवरून चालू होईल आणि आतल्या फाईली दिसतील.

मी आठवी नापास. तुमसरला नेट कॅफेत दिवसभर बसून लिनक्स उतरवलं, सीडी बनवली, गावी आणली.

चालली नाही.

मी नुसती फाईल सीडीवर कॉपी केली होती. तशाने मशीन चालू होत नाही, इमेज बर्न करायची असते. पार्टनरने मनसोक्त शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या आणि परत तुमसरची बस धरली.

दुसऱ्या सीडीने स्क्रीन उजळला. समोर दोन चौकोन. पार्टनर फोनवर होता.

"ट्राय पे दबा. इन्स्टॉल पे दबाया तो तेरे भाई का सब साफ."

मला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षरं तेवढी ओळखतो. एकेक अक्षर त्याला फोनवर सांगितलं, त्याने हो म्हटलं, मग दाबलं.

डिस्क उघडली. दादाचे फोल्डर दिसले. वहिनी मागे उभी होती, दाखवा ना म्हणत होती. पण डिस्क आतून टकटक करून राहिली होती. पार्टनरला तो आवाज ऐकवला.

"पहले कॉपी कर. रोना बाद में."

मी वहिनीला थांब म्हणालो. पेन ड्राइव्ह लावला. एका फोल्डरवर गाडी अडली. ते सोडलं, पुढचं घेतलं, परत त्याच्यावर आलो. अर्धं आलं. टकटक वाढली. मी सोडलं नाही. आणखी थोडं आलं.

मग डिस्क गप्प झाली, ती कायमची.

पेन ड्राइव्ह उघडला.

प्रत्येक म्हाताऱ्याच्या आधी एक दादा.

नुसते पाय. पंखा आणि अर्धा कान. लेन्सवर अंगठा. शेवंता आजीने काढलेल्यात फक्त पोट.

"पोटच मोठं होतं त्याचं, मी का करू?" आजी म्हणाली.

वहिनी हसली. हसता हसता खाली बसली आणि किती तरी वेळ उठली नाही.

मग एक आला. थोडा तिरपा, पण पूर्ण चेहरा. काहीतरी सांगताना तोंड उघडं, नजर कॅमेरा धरणाऱ्यावर.

"हे आहेत," वहिनी म्हणाली.

बॅनर छापणारा म्हणाला, फोटो सरळ करतो, अंगात कोट घालतो, मागे ढग टाकतो.
"कायले?" वहिनी म्हणाली. "जसे आहेत तसेच राहू द्या."

कार्यक्रमात वंदना झाली आणि म्हातारे एकेक करून बॅनरपुढे यायला लागले. जो तो वहिनीला सांगत होता, हा म्या काढलेला फोटो आहे.

ज्या आबाजींनी तो खरंच काढला, ते कधीचेच गेले होते. वहिनीने पाहिलं होतं, त्या फोटोच्या पुढचाच फोटो त्यांचा होता.

तरी ती प्रत्येकाला तेच सांगत राहिली.
"हो, तुमीच काढला. बढिया आला."

दादा, इथूनच हात जोडतो.
जय भीम.