पाठीवरची चिठ्ठी

माझ्या मोठ्या जाऊबाई जर्मन आणि फ्रेंच शिकवतात. खाली त्यांचं घर, वर आमचं. विद्यार्थिनी म्हणजे परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेस, आणि वर्ग म्हणजे अख्खं घर. खिडकीला चिठ्ठी, कपाला चिठ्ठी, पातेल्याला चिठ्ठी. 'उघडलेली खिडकी', 'फुटलेला कप', 'उकळणारं पाणी'. क्रियापदांपासून केलेली विशेषणं म्हणे. फ्रेंचमध्ये असला शब्द वस्तूच्या मागून येतो आणि आपल्यासारखाच बाई की पुरुष बघून बदलतो. जर्मनमध्ये तो पुढे येऊन बसतो आणि शेपूट बदलतो. मला कुणी शिकवलं नाही हो! रोज चहा घेऊन खाली जायचं म्हटल्यावर कान काय घरी ठेवून जाऊ?

नियम एकच, चिठ्ठी खरी हवी. खिडकी लावली की 'उघडलेली' काढून 'लावलेली' चिकटवायची. माणसंही सुटली नाहीत. आमचे हे एकदा खालच्या सोफ्यावर लवंडले, तर उठेपर्यंत छातीवर 'घोरणारा माणूस', दोन्ही भाषांत.

एकच चिठ्ठी चार वर्षं बदलली नव्हती. 'लावलेलं दार'. ती छोटीच्या खोलीची. छोटी म्हणजे जाऊबाईंची एकुलती एक मुलगी. आईच्या हाताखाली जर्मन शिकली आणि तिने एक अख्खं जर्मन पुस्तक मराठीत आणलं. पहिली प्रत आईच्या हातात दिली तेव्हा पोरीचा चेहरा असा फुलला होता! आठवड्याने जाऊबाईंनी पुस्तक परत केलं. पानोपानी लाल पेन, आणि शाबासकीचा एक शब्द नाही. "चुका तेवढ्या दाखवल्या. बाकीचं चांगलंच आहे, ते काय सांगायचं?" असं मला नंतर म्हणाल्या. अहो, तेच तर सांगायचं असतं! पण मी बोलले की मी अडाणी. छोटी बॅग भरून निघून गेली. त्यानंतर फोन यायचा तो मला.

गेल्या महिन्यात तिने कळवलं, परदेशात नोकरी लागली, कायमची चालले. कॉलेजची सर्टिफिकेटं न्यायला गुरुवारी अकराला येते. "आत येणार नाही, काकू. दारातूनच घेईन." मी खाली जाऊन निरोप सांगितला. जाऊबाई "बरं" म्हणाल्या आणि आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला लागल्या. ही पोर अशीच गेली, तर या दोघी परत कधी बोलायच्या?

गुरुवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर जाऊबाईंच्या स्वेटरवर, पाठीमागे, जर्मनमधली चिठ्ठी! त्यांना पत्ताच नव्हता. हे काम रडूबाईचं. वर्गातली सगळ्यात हळवी नर्स, म्हणून तिला आम्ही रडूबाई म्हणतो. तिला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "काय गं लिहिलंयस हे?"

"वाट बघणारी आई," ती पुटपुटली. "चिठ्ठी खरी हवी ना, काकू? बाई सकाळपासून दहादा खिडकीशी गेल्यात."

काढून टाकावी म्हणून मी जाऊबाईंच्या मागे गेले. हात चिठ्ठीपर्यंत नेलासुद्धा. मग स्वेटर नुसता सारखा केला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "सुरकुती होती," मी म्हटलं.

बरोबर अकराला बेल वाजली. छोटी उंबऱ्याबाहेर, आई उंबऱ्याच्या आत.

"आलीस."

"हो. सर्टिफिकेटं हवी होती."

"आणते."

चार वर्षांनी भेटणाऱ्या मायलेकी, आणि एवढंच बोलणं! दोघींना धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला. जाऊबाई ताठ मानेने वळल्या आणि आत निघाल्या. छोटीची नजर त्यांच्या पाठीवर गेली. तिचे ओठ हलायला लागले. वाचत होती.

"आई, थांब." ती एकदम म्हणाली. "तुझ्या पाठीवर चूक आहे."

चूक म्हटल्यावर त्या थांबणारच. "कुठे?" म्हणत हात मागे नेऊन चाचपायला लागल्या, हात काही पोचेना.

"शेवटचं अक्षर राहिलंय. पेन कुठंय?"

"टेबलावर. लाल."

छोटीने चपला काढल्या. आत आली, टेबलावरचं पेन घेतलं, एका हाताने आईच्या पाठीवर कागद दाबून धरला आणि ते अक्षर लिहिलं. लिहून झालं तरी हात तिथेच होता.

"काय लिहिलंय माझ्या पाठीवर?" जाऊबाईंनी विचारलं.

छोटीने जर्मनमध्ये वाचलं. मग हळूच म्हणाली, "खरं आहे का गं?"

"खरं आहे." जाऊबाई वळल्या. "तुझं पुस्तक चांगलं होतं, छोटी. फार चांगलं. मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा हातात पेन नव्हतं. ते सांगायचं राहिलं माझं."

रडूबाईने गळा काढला, ते ठरलेलंच होतं. मी कशी दिसत होते ते सांगत नाही.

छोटी गेली, नोकरीच होती ती. पण जायच्या आधी आठ दिवस आपल्या खोलीत राहिली, आणि दारावरची जुनी चिठ्ठी काढून 'उघडलेलं दार' चिकटवून गेली. आता वाऱ्याने ते दार आपटतं, माझी वर झोपमोड होते. एकदा वैतागून मी ते लावून टाकलं, तर जाऊबाई वर्ग सोडून धावत आल्या.

"अगं, उघड आधी! चिठ्ठी खोटी पडते ना!"