आधी हवा, मग झाडं, मग घर

आमच्या गाझियाबादच्या घरामागे मातीचा एक पट्टा होता. माती म्हणजे काय, तर बिल्डरने उरलेलं सिमेंट, विटांचे तुकडे आणि एक तुटकी चप्पल पुरून त्यावर पसरलेली चार घमेली माती. जाहिरातीत त्याला ‘किचन गार्डन’ म्हटलं होतं. त्या काळात सगळ्यांनाच दिल्लीबाहेर घरं मिळत होती आणि सगळ्यांनाच किचन गार्डन मिळत होतं. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी बसने दिल्ली गाठायचो आणि संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्यांनी परत यायचो. किचन गार्डनमध्ये आमचे कपडे वाळायचे.

मग सासूबाई गेल्या आणि त्या हिवाळ्यात सासरे वाईहून आमच्याकडे आले. सामान टॅक्सीत चढायच्या आधीच त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "महिनाभर राहीन. पुढे बघू नका." मी मनात म्हटलं, बघूया. खरं सांगायचं तर महिनाही मला जास्तच वाटत होता. सासरे म्हणजे चहा वेगळा, जेवणाची वेळ वेगळी, टीव्हीवरच्या सगळ्या नव्या चॅनेलांना नाक मुरडणं वेगळं.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी माझी कपड्यांची दोरी काढली आणि माती खणायला घेतली. विटांचे तुकडे निघाले, चप्पल निघाली. मेथी पेरली. "मेथी निघाली की जातो," म्हणाले. मेथी निघाली, तोवर त्यांनी मुळा पेरला होता. मुळा संपला तेव्हा पालक होता. हे असं चाललं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन महिन्यांत उपटून मोकळं होता येणार नाही, असं काही ते लावत नसत. त्या पट्ट्यात कायमचं झाड एकच, बिल्डरने कोपऱ्यात लावलेलं पांढऱ्या फुलांचं.

मागची भिंत कमरेएवढी. पलीकडे एक सरदारजी राहायचे, बाबांच्याच वयाचे, रिटायर झालेले, गुडघ्याने बेजार. त्यांच्याकडे फ्लॉवर, कोबी, गुलाब, सगळं भारी. रोज सकाळी हे दोघं भिंतीवर चहाचे कप ठेवून उभे राहायचे. मी आत पोळ्या करत असायचे आणि खिडकी उघडी असायची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. कान देऊन ऐकत होते असं नाही. पण कान काही काढून ठेवता येत नाहीत ना!

त्या बैठकीचा क्रम ठरलेला होता. आधी हवा. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी ‘है’. "काल रात को फार उकाडा था है." सरदारजी गंभीरपणे म्हणायचे, "हाँ जी, बहुत उकाडा." मग झाडं. मावा पडलाय, राख टाका, कळी आली, कळी गळली. आणि सगळ्यात शेवटी घर. घरचं बोलताना दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत. एखाद्या पानाकडे बघत, हवेची बातमी द्यावी तशी द्यायची. "बेटा कनाडा जाने की बात कर रहा है," हे सरदारजी एकदा फ्लॉवरला उद्देशून म्हणाले. बाबा म्हणाले, "अच्छा." मग दोघांनी चहा संपवला.

आमच्या घरच्या बातम्याही अशाच पलीकडे जात होत्या. माझ्या ऑफिसात नवा साहेब आलाय आणि मी चिडून घरी येते, हे बाबांनी पालकाच्या जुडीला सांगितलेलं मी ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली. संध्याकाळी विचारणार होते, की हे काय? पण मी दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी विचारलं, "बस मिळाली का गं वेळेवर? बसायला जागा होती?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग विचारायचं राहूनच गेलं.

मार्चमध्ये सरदारजींनी डालड्याच्या डब्यात वाढवलेलं लिंबाचं रोप बाबांना दिलं. बाबांनी डबा भिंतीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला. सरदारजी दर आठ दिवसांनी विचारायचे, "बाऊजी, निंबू?" बाबा म्हणायचे, "मी जानेवाला आदमी है. लिंबाला चार वर्षं लगता है." रोप डब्यातच पाणी पीत होतं.

तोवर मी बदलले होते. संध्याकाळी घरात दिवा लागलेला असायचा. कोथिंबीर धुऊन ठेवलेली असायची. आणि बसची चौकशी व्हायची. मला ते जायला नको होते. वाईला जाऊन एकटे करणार काय? धड चहा करता येत नव्हता. पण हे बोलणार कोण? नवरा म्हणायचा, "बाबांना हवं तसं करू दे." म्हणजे विषय संपला.

जूनच्या सुरुवातीला बाबांनी वाईहून आणलेल्या पुड्या काढल्या. भेंडी, गवार, काकडी, दोडका. अख्खा पट्टा भुसभुशीत करून पेरला. सरदारजी भिंतीपलीकडून बघत राहिले. "बाऊजी, अभी? अभी तो तवा है." बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "मृग लागला!" सरदारजींनी मृग म्हणजे काय ते विचारलं नाही. बाबांचा चेहराच तसा होता. चाळीस वर्षं सात जूनच्या आसपास पेरणारा माणूस, त्याला गाझियाबादचं आकाश काय सांगणार, कपाळ?

सकाळ-संध्याकाळ पाणी घालून त्यांनी बी उगवून आणलं. कोंब आले. मग लू सुटली, उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा. आम्ही ऑफिसातून आलो तेव्हा पट्ट्यात कोंब नव्हते, पापडाच्या चुऱ्यासारखं काहीतरी होतं. बाबा पायरीवर बसले होते. त्या दिवशी बसची चौकशी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीपाशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सरदारजी एकटेच कप घेऊन उभे. रात्री जेवताना बाबा मुलाला म्हणाले, "माझं रिझर्व्हेशन कर. इथलं मला काही कळत नाही." त्यांचे चिरंजीव इतर कुठलंही काम इतक्या चपळाईने करत नाहीत. दुसऱ्याच दिवशी तिकीट आलं.

सकाळी बाबा अंघोळीला गेलेले बघून मी भिंतीपाशी गेले आणि सरदारजींना म्हटलं, "अंकल, आप समझाइए ना उनको." ते म्हणाले, "मैं क्यों? घर की बात है, घरवाला बोले." आणि मग म्हणाले, "लेकिन यहाँ आ के बोलना, बेटी. पहले मौसम."

पुढच्या रविवारी मी दोन कप चहा केला, "बाबा, चला, सरदारजी बोलावताहेत," म्हणून खोटंच सांगितलं आणि त्यांना भिंतीपाशी नेलं. सरदारजी होतेच. त्यांनी एकदम गुलाब छाटायला घेतला. जूनमध्ये गुलाब कोणी छाटत नाही, हे एवढं मलाही माहीत होतं.

मी घसा साफ केला. "आज धूळ फार आहे," मी म्हटलं.

"हं," बाबा.

झाडांचं मला काय येत होतं? कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या फुलांच्या झाडाकडे बघत म्हटलं, "मोगऱ्याला कळ्या छान आल्यात." आणि मग लिंबाच्या डब्याकडे बघत, आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हटलं, "घरात तुम्ही नसलात तर मला अजिबात करमणार नाही. मला तुम्ही जायला नको आहात." शेवटी आवाज फाटलाच. सरदारजींची कात्री थांबली.

बाबांनी चहाचा घोट घेतला. कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो मोगरा नाही. तगर आहे."

आणि कप घेऊन आत गेले. एवढंच! मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. सरदारजी म्हणाले, "बेटी, बोल दिया ना? बस." मी मनात म्हटलं, बस काय बस!

नंतरचे दिवस बाबा मागे काहीतरी खटपट करत होते. मी बघितलं नाही, मी फुगले होते. बॅग भरलेली होती. निघायच्या दिवशी मी डब्यासाठी दशम्या करत होते, तेवढ्यात फोन वाजला. फोन नवा होता, त्यामुळे सगळे त्यात ओरडूनच बोलायचे. वाईहून चुलतसासरे होते. तिकडे पाऊस लागला होता.

बाबा ओरडून म्हणाले, "लागला का? बरं झालं. नाही, मी येत नाहीये. अरे, लिंबासाठी खड्डा खणलाय मागे. तो तापतोय अजून. मृग-बिग इथे चालत नाही रे, इथला पाऊस उशिरा येतो. आला की झाड लावायचं. मग त्याला बघायला नको? सरदारजींचे गुडघे गेलेत. ही दोघं दिवसभर ऑफिसात. आणि सूनबाईला तर तगर आणि मोगरा यातला फरक कळत नाही. हिच्या भरवशावर कसा येऊ?"

नवरा तिकीट रद्द करायला गेला. दशम्या आम्ही घरीच खाल्ल्या.

तगर आणि मोगऱ्यातला फरक मी त्याच आठवड्यात शिकून घेतला. बाबा आमच्याकडे शेवटपर्यंत राहिले, लिंबाला लिंबं लागलेली त्यांनी पाहिली. पण ते होते तोवर मी रोज सकाळी तगरीला मोगराच म्हणत राहिले.